दोन दिवसांचं काठी-शिबिर: नवख्याने जावं का, आणि परत काय आणावं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गुहागरचे, वय ३८. शाळेत असताना कराटेचा पिवळा पट्टा मिळवलात, पुढे नोकरी-संसारात सगळं सुटलं. पुढच्या महिन्यात दापोलीजवळ किनाऱ्यावर फिलिपिनो मार्शल आर्ट्सचं शनिवार-रविवार शिबिर आहे. काठी आणि चाकू दोन्ही शिकवणार, फी राहण्या-जेवणासकट सात हजार. तुम्ही विचारताय, नवख्याने जावं का, दोन दिवसांत काही पदरात पडतं का, सोबत काय न्यावं, आणि प्रसंग आलाच तर याचा उपयोग होतो का. शेवटी जरा बिचकत विचारलंय की बायकोही येते म्हणते, तिला यातलं काही येत नाही, चालेल का. तिच्याबद्दल मीही शेवटीच लिहिते, पण खरं तर तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

जा. नवखे आहात म्हणून अडायचं काही कारण नाही. उलट कराटेवाल्यांनाच पहिल्या दिवशी जास्त त्रास होतो, कारण त्यांचा हात सवयीने कमरेशी मागे जातो आणि काठी मागे राहते. तुमचा पिवळा पट्टा इतका जुना आहे की तो आड येणार नाही.

मी रत्नागिरीत गेली सोळा वर्षं काठी फिरवते, त्यातली नऊ शिकवते. दिवसा बँकेत असते. या काळात वीसेक शिबिरं केली असतील, मुंबईला, पुण्याला, गोव्याला. दोन स्वतःही भरवली. पहिल्या शिबिरातून मी दोन गोष्टी घरी आणल्या: चिरलेल्या हाडाची करंगळी आणि चाळीस पानांची वही. करंगळी सहा आठवड्यांत बरी झाली. वही आजतागायत मला लागलेली नाही. तिच्यात लिहिलंय, "डाव्याने आत, मग उलट, तोच हात खाली, मनगट, पलटी." कुणाच्या डाव्याने? कशाच्या आत? लिहिताना सगळं लख्ख दिसत होतं. मंगळवारपर्यंत पुसलं गेलं.

करंगळीची गोष्ट नीट सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शनिवारची दुपार, चार वाजून गेलेले. मी आणि माझा जोडीदार दोघेही नवखे. एक-दोन-तीन-चार असा ठरलेला क्रम, मी वार द्यायचा, त्याने अडवून माझ्या काठीवर परतवायचा. जमायला लागलं तसा आम्ही वेग वाढवला. शिकवणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आमचं आम्हीच, चेव येतो तसा. मध्येच माझा क्रम चुकला, तीनच्या जागी चार गेला. त्याची काठी जिथे माझी काठी असायला हवी होती तिथे आली, आणि तिथे माझा हात होता. तो बिचारा आठवडाभर फोन करून माफी मागत होता. चूक त्याची नव्हतीच. वार देणारी मी होते.

दोन दिवसांच्या शिबिरात अर्धा वेळ तुम्ही शिकत नसता. अर्धा वेळ तुम्ही समोरच्याला वार देत असता, म्हणजे आमच्या बोलीत फीड करत असता. लोक हा वेळ पाट्या टाकल्यासारखा काढतात, 'आता याची पाळी, मग माझी.' माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तुम्ही शिबिरातून फक्त नीट फीड द्यायला शिकून आलात तर सात हजार वसूल. कारण डाव-पेच पुढे कुठेही, अगदी मोबाइलवरसुद्धा बघता येतात. पण योग्य अंतरावरून, योग्य जागी, समोरच्याला झेपेल त्या वेगाने खरा वार कसा द्यायचा, हे माणसासमोर माणूस उभा राहिल्याशिवाय कळत नाही. आणि गुहागरला परत आल्यावर तुमच्याकडे मास्तर नसणार, फक्त फीड देणारा असेल, असलाच तर.

नीट म्हणजे कसं, ते एका वाराच्या उदाहरणाने सांगते. बहुतेक पद्धतींत पहिला वार हा उजव्या हाताने तिरका खाली येणारा, समोरच्याच्या डाव्या कानशिलावर. नवखा माणूस इथे हमखास दोनपैकी एक चूक करतो. एक, भीतीने वीतभर अलीकडे थांबतो. मग समोरचा हवेतच अडवायला शिकतो, आणि त्याला वाटतं जमलं. दोन, तो कानशिलावर मारतच नाही, समोरच्याच्या काठीवर मारतो. ठाक असा छान आवाज येतो, दोघांनाही बरं वाटतं. ही टिपऱ्या खेळण्याची सवय आहे. टिपरीत टिपरीवर टिपरी वाजवायचीच असते, तिथे तेच बरोबर. इथे काठी काठीला भेटते ती केवळ समोरच्याने मध्ये आणली म्हणून. त्याने काही केलं नाही तर तुमची काठी त्याच्या कानाला हलकेच टेकली पाहिजे. हलकेच, पण टेकली पाहिजे. सावकाश द्या, अगदी दूध ओतताना सायीला धक्का लागू नये इतक्या सावकाश, पण खोटा देऊ नका. वेग कमी करता येतो, दिशा आणि अंतर यात सूट नाही.

फिलिपिन्समधल्या जुन्या जाणत्यांनी यावर फार विचार केलाय. सेबू शहरात बालिंतावाक नावाची एक लहानशी गल्ली होती. तिथे एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागच्या जागेत वेनान्सियो बाकोन, ज्यांना सगळे 'आन्सियोंग' म्हणत, ते १९५० च्या दशकात शिकवायचे. त्या गल्लीचंच नाव त्यांच्या पद्धतीला पडलं. दोन काठ्यांची रोषणाई नाही, एकच काठी, जवळचं अंतर. त्यांच्या परंपरेत शिकवण्याच्या तऱ्हेला 'आगाक' म्हणतात, म्हणजे हात धरून वाट दाखवणं. मास्तर वार देतो, शिष्य उत्तर देतो, मास्तर त्या उत्तराच्या फटीत पुढचा वार देतो. कवायत ठरलेली नाही, शिष्याची चूक बघून पुढचा प्रश्न विचारायचा. म्हणजे तिथे फीड देणारा हाच मास्तर. आपल्याकडे पखवाज शिकवताना बुवा समोर बसून बोल देतात आणि पोरगं हातातून काढतं, तसंच काहीसं.

दुसरं उदाहरण रेमी प्रेसास यांचं. नेग्रोस बेटावर १९३६ साली जन्मलेला हा माणूस, मॉडर्न आर्निस ही पद्धत त्यांची. जुन्या रीतीत सरावातही समोरच्याच्या हातावर मारायचे. शस्त्र धरलेला हात निकामी केला की शस्त्र आपोआप पडतं, सापाचा दात काढल्यासारखं. तर्क बिनचूक आहे, पण पोरं सुजलेली बोटं घेऊन घरी जायची आणि परत यायची नाहीत. प्रेसास यांनी सरावात हाताऐवजी काठीवर मारायची रीत रूढ केली. शिकणारे टिकले, पुढे देशोदेशी त्यांनी शिबिरं घेतली, आणि आज तुम्ही ज्या प्रकारच्या शिबिराला जाताय त्याचा साचा बराचसा तिथून आलाय. पण त्याची किंमतही आहे. काठीवर मारता मारता लोक विसरतात की खरं लक्ष्य हात आहे. म्हणून शिबिरात काठीवर ठाक वाजली की मनाशी म्हणायचं, 'ही याची बोटं.' माझी तर खरोखरच होती.

शनिवारी सकाळीच बहुधा तुमच्या हातात दोन काठ्या देतील आणि 'सिनावली' सुरू करतील. फिलिपिन्समध्ये बांबूच्या पट्ट्या एकीवर एक, एकीखाली एक अशा विणून भिंती करतात, त्या विणकामाला सवाली म्हणतात. आपल्याकडे झावळ्यांची झापं विणतात तीच कल्पना. दोन काठ्या हवेत तशीच वीण घालतात. उजवी वर, उजवी खाली, डावी वर, डावी खाली, ही सोपी. दुहेरीत एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन असे सहा ठोके येतात आणि तिथे सगळ्यांची भंबेरी उडते. गोफ विणताना ज्याचा पाय चुकतो त्याच्यामुळे अख्खा गोफ अडतो ना, तसं. चुकलात तर थांबा. चुकलेलं पुढे ओढत नेऊ नका, पुन्हा पहिल्या ठोक्यापासून धरा. शिमग्यात आणि नवरात्रात हाताला ताल लागलेला असल्याने आपल्या भागातली माणसं सिनावली पटकन उचलतात, असं मला शिकवताना दिसलंय. मात्र मघाशी सांगितलेला टिपरीचा रोगही आपल्यालाच जास्त.

मोजणी स्पॅनिशमध्ये ऐकू आली तर चक्रावू नका. उनो, दोस, त्रेस. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनचं राज्य होतं, त्यामुळे निम्मी परिभाषा तिकडची आहे. या कलेचं एक नाव एस्क्रिमा, तो शब्दच स्पॅनिश पट्टेबाजीच्या 'एस्ग्रिमा'वरून आला. आर्निस हे दुसरं नाव चिलखताच्या 'आर्नेस'वरून. तुम्हाला आम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही, आपणही पोर्तुगीज पाव खातो आणि पोर्तुगीज चावीने कुलूप उघडतो, आणि रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर अजून घराघरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. शिबिरात कोणीतरी हमखास सांगेल की 'काली' हे या कलेचं नाव आपल्या कालीमातेवरून पडलं. त्याला काही आधार नाही. खरा आपला शब्द वेगळाच आहे: तिथे शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, तो मात्र संस्कृतातून मलयमार्गे तिथवर पोचलेला आपला गुरूच. एक मात्र पक्कं. २००९ च्या डिसेंबरात फिलिपिन्सने कायदा क्रमांक ९८५० करून आर्निसला राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरवलं.

आता पायांबद्दल, कारण तुमचं शिबिर किनाऱ्यावर आहे आणि याचा फायदा घेता येतो. या कलेत पाय त्रिकोणात चालतात. तुम्ही त्रिकोणाच्या टोकावर उभे, वार येतो सरळ, तुम्ही सरळ मागे न हटता तिरके पुढे उजवीकडे किंवा डावीकडे जाता, म्हणजे वाराच्या रेषेतून बाहेरही पडता आणि समोरच्याच्या जवळही जाता. हॉलमध्ये जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने हा त्रिकोण आखतात. ओल्या वाळूवर आखायची गरजच नाही, पाऊल स्वतःच लिहून ठेवतं. माझ्या एका विद्यार्थ्याला मी महिनाभर सांगत होते, तू तिरका जात नाहीस, नुसता बाजूला सरकतोस. पटेना. एकदा ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं, दहा वेळा करायला लावलं आणि म्हटलं, आता माग बघ. सगळी पावलं एका आडव्या ओळीत, आणि टाचा बोटभर खोल रुतलेल्या. म्हणजे वजनही मागे. काही बोलावं लागलं नाही.

पण हे ओल्या, घट्ट वाळूवरच. वरच्या कोरड्या पुळणीत पाय रुततो, अंग वळतं आणि गुडघा तिथेच राहतो. शिबिरवाल्यांनी पुळणीत सत्र ठेवलं असेल तर मी असते तर वाडीच्या अंगणात घ्या म्हणून सांगितलं असतं. ओहोटीची वेळ तुम्हीही काढू शकता. आपल्या जुन्या लोकांचा हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास, सकाळच्या सत्राला उत्तम. आणि रविवारी तीच ओहोटी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. शहरातून येणारे आयोजक दोन्ही दिवशी 'सकाळी ७ बीच सेशन' असं छापतात आणि नवमी-दशमीला पाण्यात उभे राहतात.

सामान फार लागत नाही. काठी बहुधा तेच देतात, पण स्वतःची असेल तर बरं. वेताची, साधारण २८ इंच, जाडी इंचभर. उंची कमी असेल तर २६ चालते. धरताना खाली चार बोटं काठी मुठीबाहेर राहू द्या, त्या टोकाचेही उपयोग शिकवतील. वेतच का, तर वेत आतून भरीव आणि तंतूंचा असतो. मार खाऊन खाऊन तो झाडूसारखा पिंजतो, पण फुटून त्याचं टोक डोळ्यात जात नाही. आपल्याकडचा माणगा बांबूही बऱ्यापैकी भरीव असतो म्हणून अनेकजण परसातला तोडून आणतात. एकट्याने हवेत फिरवायला हरकत नाही, जोडीदाराबरोबर नको. तो उभा चिरतो आणि चिरेची धार ब्लेडसारखी असते. क्रिकेटचा स्टम्प आणणारेही भेटतात. जड असतो, दुसऱ्या दिवशी कोपर बोलतं. वेताला आपल्या हवेत बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्यात जवसाचं तेल पुसून ठेवायचा.

डोळ्यांना संरक्षक चष्मा न्याच. शिबिरवाले म्हणाले 'लागत नाही', तरी न्या. नखं कापा, अंगठी घरी ठेवा. बोट सुजल्यावर अंगठी कापून काढावी लागते, सोनार आणि डॉक्टर दोघांकडे जावं लागतं. बायको येणार असेल तर काचेच्या बांगड्या त्या दोन दिवसांपुरत्या नकोत. एक जुना सुती पंचा न्या, कारण दमट हवेत घामाने काठी सुटते आणि सुटलेली काठी सरळ तिसऱ्याच माणसाकडे जाते. पाण्याच्या बाटलीत नुसतं पाणी नको: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, त्यात आवडत असेल तर थोडं कोकमाचं आगळ, मग मीठ त्या मानाने कमी. आणि दुपारच्या जेवणात समोर सुरमईचं ताट येईल, तेव्हा भात आवरता घ्या. अडीच वाजता दुहेरी सिनावली असते, मी दोन चांगले धडधाकट गडी माडाखाली झोपलेले पाहिलेत.

काठी घेऊन धोपावेहून दाभोळला फेरीबोटीने जाल तेव्हा ती पिशवीत, गुंडाळून. १९५९ च्या शस्त्र कायद्यात लाठी किंवा साधी हातकाठी शस्त्र धरलेली नाही, पण सणासुदीला आणि निवडणुकांच्या दिवसांत जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, आणि त्यात सोटे-काठ्या घेऊन फिरणंही येतं. त्या तारखांना आदेश लागू आहे का, तेवढं बघून निघा. सरावाचा चाकू लाकडी किंवा रबरीच. खरं पातं कोणी सरावाला काढलं तर तिथून उठायचं, कितीही मोठा मास्तर असो.

उपयोगाचं विचारलंत. काठीच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. छत्री, बॅटरी, आंबे काढायची काठी, हातात लांब काही असेल तर अंतर राखायला आणि हातावर मारून सुटायला ही कला फार कामाची. चाकूच्या बाबतीत मी जरा कडू बोलणार आहे. शिबिरात रविवारी दुपारी चाकू हिसकावून घेण्याचे डाव दाखवतील. बघायला देखणे असतात. मी माझ्या वर्गात त्यानंतर एक प्रयोग करते: लाकडी चाकूच्या धारेला ओला गेरू लावायचा, अंगात जुना पांढरा बनियन घालायचा, आणि देणाऱ्याला सांगायचं, एकच वार ठरवून देऊ नकोस, हात मागे ओढून पुन्हा पुन्हा भोसक. दहा सेकंद. मग बनियन बघायचा. सोळा वर्षांनंतरही माझ्या दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला आणि पोटावर गेरूचे पट्टे असतात. मागच्या खेपेला सात मोजले, आणि देणारी बारावीतली मुलगी होती. हिसकावण्याचा डाव जमतो तो फीड देणाऱ्याने हात पुढे करून तसाच धरून ठेवला म्हणून. खऱ्या माणसाचा हात परत जातो. १९८३ मध्ये डेनिस टुएलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकाने वेळ लावून दाखवलं होतं की धडधाकट माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो. तेव्हा चाकू दिसला की पळायला वाट असेल तर पळायचं, नसेल तर मध्ये काहीतरी आणायचं, खुर्ची, दप्तर, सायकल. हिसकावणं सगळ्यात शेवटी. हे सगळं शिबिरात कळलं तर शिबिर चांगलं. 'आता तुम्ही चाकूवाल्याला सहज लोळवाल' असं कोणी म्हणालं तर त्याला विनंती करा, गेरू लावून दाखवा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना एक फोन करा. एका शिकवणाऱ्यामागे किती माणसं, हे विचारा. पंधराच्या वर असतील तर तुमच्या चुकीकडे बघायला कोणाला वेळ नसेल. नवख्यांचा गट वेगळा आहे का, तेही विचारा. कोणाला लागलं तर दवाखान्यात नेणार कोण आणि कशातून, याला उत्तर देताना ते अडखळले तर मला काळजी वाटेल. दोन दिवसांनी हजेरीचं प्रमाणपत्र देतात ते ठीक, पण 'इन्स्ट्रक्टर' म्हणून देणार असतील तर त्या कागदाच्या आशेने जाऊ नका. एका ठिकाणी जादा पैसे मोजून तसा कागद मीही घेतलाय. आईने तो पापडाच्या डब्याखाली घातला होता.

शिबिरात दाखवतील साठ गोष्टी. तीन घेऊन या. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर, गप्पा सुरू व्हायच्या आधी, त्या दिवशीच्या दोन लिहा. वाक्यात नाही, चित्रात. दोन काठीमाणसं काढा, देणारा आणि घेणारा, आणि बाण. माझ्या वहीत देणारा कोण तेच लिहिलं नव्हतं म्हणून ती वाया गेली. परवानगी घेऊन मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे टिपा, पण स्वतःचे. मास्तरचे नकोत. मास्तर करतो ते डोळ्यात राहतं, आपण काय करत होतो ते राहत नाही. बारा वारांचा क्रमही लिहून घ्या. मॉडर्न आर्निसमध्ये कानशिलं, कोपर, पोटात खुपस, छातीच्या दोन बाजू, गुडघे, डोळे आणि बारावा टाळूवर असा जातो, पण दुसऱ्या पद्धतीत आकडे वेगळे असतात. घरी आल्यावर मोबाइलवर भलताच क्रम बघून गोंधळ होतो.

परत आल्यावर रोज दहा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा तास काढण्यापेक्षा हे बरं. परसात आंब्याच्या फांदीला जुना टायर दोरीने टांगा आणि मारा. माडाला खिळे ठोकू नका. पहिले पंधरा दिवस बाहूच्या बाहेरच्या बाजूला कोपराशी दुखलं तर मूठ सैल करा. नवखा माणूस काठी आवळून धरतो, ती लागताना क्षणभर घट्ट आणि बाकी वेळ सैल हवी. दुखणं थांबेना तर काठी ठेवा.

आता बायको. आणाच. टायर वार परत देत नाही. तुम्ही एकटे गेलात तर सोमवारी गुहागरात तुम्हाला सवालीची अर्धीच वीण येत असेल, आणि दुसरी अर्धी घालायला कोणी नसेल. तिला काही येत नाही हे उलट सोयीचं, तिला टिपरीचा रोग नसेल तर तुमच्या आधी ती नीट वार द्यायला लागेल. फक्त दोन गोष्टी पाळा. शिबिरात दिवसभर एकमेकांचे जोडीदार होऊ नका. नवरा-बायको एकतर एकमेकांना फुलासारखं मारतात, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला "तू चुकतोयस", "तूच चुकतेयस" सुरू होतं आणि शिकवणाऱ्याला पंचनामा करावा लागतो. वेगवेगळ्या माणसांसमोर उभे राहा, उंच, बुटकं, डावखुरं. आणि संध्याकाळी सगळे हर्णैला मासळीचा लिलाव बघायला पळतील तेव्हा तुम्ही दोघं दहा मिनिटं मागे थांबा, आणि फक्त पहिला वार. ती देईल, तुम्ही अडवा. ती अलीकडे थांबतेय का तुमच्या काठीवर मारतेय, तेवढंच बघा. मग उलट, तुम्ही द्या. तिने "लागलं नाही, पण टेकलं" म्हटलं की निघा, लिलाव तोवर सुरू असतो.